साप नाही, आग नाही

जयमाला टॉकीजच्या बायकांच्या दारावर सुंदराबाई उभी असायची. अकोल्यातल्या घरंदाज बायका त्या काळी सिनेमाला पुढच्या फाटकातून जात नसत. त्यांच्यासाठी बाजूच्या बोळात वेगळी तिकिटाची खिडकी होती आणि वेगळं दार. आत, थेटराच्या अगदी मागच्या भागात, लाकडी बाकांच्या रांगा. त्यांच्या पुढे कमरेएवढी भिंत, आणि भिंतीवर तारेला अडकवलेला जाड लाल पडदा. पडद्याच्या पलीकडे पुरुषांच्या खुर्च्या. दिवे गेले की सुंदराबाई दोरी ओढून हा पडदा उघडायची आणि बायकांना सिनेमा दिसू लागायचा. मध्यंतराचे दिवे लागायच्या आत तो पुन्हा लागलेला असायचा. पुरुषांनी मागे वळून पाहिलंच, तर त्यांना लाल कापड दिसावं आणि त्यामागची कुजबुज ऐकू यावी, एवढीच परवानगी होती.

तिकिटं फाडणं, उशिरा आलेल्या बाईला बॅटरीच्या उजेडात जागा दाखवणं, रडणाऱ्या मुलाला आईसकट व्हरांड्यात काढून तिथल्या कडीला झोळी बांधून देणं ही तिची कामं. आणखी एक काम होतं, ते कुणी न सांगता तिच्याकडे आलं होतं. कुणाच्या घरून बोळात धावत माणूस आला, की ती दारात उभी राहून त्या बाईचं नाव पुकारायची. सिनेमाच्या ऐन भरात असं नाव पुकारलं जाणं म्हणजे घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं गेलं, नाहीतर जायला टेकलं. हाक ऐकली की बाकावरच्या सगळ्याच बायका क्षणभर आपापल्या घरचं कोण आजारी आहे ते आठवून घ्यायच्या.

पण शहरातल्या बायका तिला ओळखायच्या ते तिच्या मतांमुळे. सिनेमा शुक्रवारी लागायचा. पहिला खेळ सुंदराबाई दाराजवळच्या स्टुलावर बसून पूर्ण पाहायची, आणि शनिवारी सकाळपासून तिला रस्त्यात, नळावर, भाजीबाजारात बायका अडवायच्या. तिचं मत चार वाक्यांत असायचं आणि ते फिरायचं नाही.

"हे पोट्टी रडते चांगली, पन नाक पुसत नाही. नाक न पुसता कोन रडते, सांग बरं?"

"सिनेमातलं गानं म्हंजे पानपोई. लय चालून झाल्यावर आली पाह्यजे. घरातून निघाली न निघाली का पानपोई, त कोन पिईन?"

विनोदी नटांविषयी ती फार कडक होती. "जो धपकन पडते, त्याच्यावर एकडाव हासू येते. जो पडता पडता सावरते, त्याच्यावर मरेपर्यंत येते." खलनायकांची मात्र तिला कणव वाटायची. "त्याच्या हाती सिगरेट देतात अन् म्हनतात खराब मानूस. माहा जानराव बिडी पेते. तो काय खराब हाय?"

जानराव तिचा नवरा. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत छाती गेलेला, आता दिवसभर समोरच्या हॉटेलच्या बाकावर बसून रेडिओ ऐकणारा. फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमात कुठल्या गावाहून कोणत्या गाण्याची मागणी आली हे तो लक्षात ठेवायचा आणि संध्याकाळी तिला सांगायचा. दोघांची भांडणं व्हायची ती गाण्यांवरूनच. त्याला पुरुषांचे आवाज आवडत, तिला बायकांचे. "मानूस गाते ते लोकाइले ऐकवाले," ती म्हणायची, "बाई गाते ते हातातलं काम सरावं म्हून." यावर जानराव खोकत हसायचा, आणि हसत खोकायचा, आणि भांडण तिथेच थांबायचं.

पहिला सिनेमा त्या दोघांनी लग्नानंतर कौंडण्यपूरच्या जत्रेत पाहिला होता. तंबूत शिरायला मिळालं नाही म्हणून कनातीच्या मागून, उलट्या बाजूने. "सबन मानसं डावखुरी," ती सांगायची. "नवरदेवबी डाव्या हातानं हार घाले. मी म्हटलं, बड्या लोकाइत असंच असन."

छप्पन सालच्या दसऱ्याला ती आणि जानराव नागपूरला जाऊन आली होती, हे सगळ्या शहराला माहीत होतं. त्यानंतर देवादिकांचा सिनेमा लागला तेव्हा आमच्या आईने तिला जरा खोचकच विचारलं, "सुंदराबाई, आता हा सिनेमा तू पाहणार की डोळे मिटून बसणार?"

"ड्यूटी हाय वकीलीनबाई, पाहाच लागते," ती शांतपणे म्हणाली. "ढग लय हायत. गाने चांगले हायत. देव जरा लठ्ठ हाय."

आई हसली. पुन्हा तसं तिने कधी विचारलं नाही.

या मतांमध्ये एक मत असं होतं की ज्याच्यावर घराघरांतून निर्णय होत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलींना सिनेमाला न्यावं की नाही, हे सुंदराबाई ठरवायची. पोटुशी बाई दचकली की पोटातलं मूल दचकतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. ती खरी की खोटी याचा विचार त्या वेळी कुणी करत नव्हतं. माहेरी आलेल्या मुलीला तर घराबाहेर पडायचं ते एवढंच निमित्त. म्हणून मुलीची आई सुंदराबाईला बाजूला घेऊन विचारायची, आणि सुंदराबाई तीन गोष्टी सांगायची. साप आहे का, आग आहे का, लेकराला काही होतं का. मुलीच्या समोर ती हे बोलत नसे. पोटुशीच्या कानावर सापाचं नावही घालू नये असं तिचं म्हणणं होतं. आईला बोळाच्या तोंडाशी नेऊन हलक्या आवाजात सांगायची, "साप नाही, आग नाही, लेकरू सुखरूप हाय. घेऊन येजा." मग त्या घरात निःशंकपणे साड्या काढल्या जायच्या.

एकसष्ट साल उजाडलं तेव्हा सुंदराबाईला सिनेमाचा पडदा दिसत नव्हता.

हे कुणालाच कळलं नव्हतं. आधी दिव्याभोवती कडी दिसू लागली. मग सगळं दुधातून पाहिल्यासारखं झालं, आणि दिवाळीच्या सुमारास समोरचा सिनेमा म्हणजे एक हलता उजेड उरला. ती तिकिटं बोटांनी ओळखायची. स्वस्त बाकाच्या तिकिटाचा कागद खरखरीत होता आणि महागाचा गुळगुळीत. बायकांना आवाजावरून, बांगड्यांवरून, पाय टाकण्याच्या लकबीवरून ओळखायची. बॅटरी पूर्वीसारखीच धरायची, कारण उजेड दुसऱ्यांसाठी होता. आणि मतंही पूर्वीसारखीच द्यायची. शुक्रवारचा पहिला खेळ ती स्टुलावर बसून ऐकायची. वाजंत्री कुठे चढते, कुठे उतरते, बाकांवर हुंदके कधी येतात, पुढच्या स्वस्त खुर्च्यांतून शिट्ट्या कधी वाजतात, यावरून तिला सगळी गोष्ट कळायची. साप यायचा असला की आधी पुंगीसारखं काहीतरी वाजायचंच. आग लागली की ढोल. लेकरू मरायचं असलं की सारंगी.

जानरावाला माहीत होतं. "सांगून टाक मॅनेजरले," तो म्हणायचा.

"अन् मंग?"

त्याचं काम सुटून वर्ष होत आलं होतं. टॉकीजचे मॅनेजर नारायणराव हल्ली सारखे म्हणत, की बायका आता नवऱ्याबरोबर पुढच्या फाटकातून येऊ लागल्यात, हा पडदा किती दिवस ठेवायचा. एखादी तक्रार झाली असती तर त्यांना निमित्तच मिळालं असतं. सुंदराबाई रोज दुपारी बोळात शिरायची ती हाच विचार करत. आज एखादी बाई चुकीच्या बाकावर बसली तर? आज कुणी हातातला कागद दाखवून "हे वाचा" म्हणालं तर? हे सगळं तिने नंतर आम्हाला सांगितलं. तेव्हा आम्हाला दिसायची ती स्टुलावर ताठ बसलेली, डोक्यावरचा पदर नीट असलेली बाई.

त्या हिवाळ्यात माझी मोठी बहीण अनुपमा अचलपूरहून बाळंतपणाला आली. तिची ही दुसरी खेप होती. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं. विहिरीवर पाय घसरून ती पडली, लागलं काहीच नव्हतं, नुसती दचकली होती, आणि दोन दिवसांनी सगळं संपलं. तेव्हापासून ताई फार हळू चालायची. जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरायची. दाराची कडी वाजली तरी पोटावर हात ठेवायची. आई तिच्यासमोर हसतमुख असायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहायची. बापूसाहेब, म्हणजे आमचे वडील, कोर्टातून आल्यावर आता अंगणातच जोडे काढत, आवाज होऊ नये म्हणून.

घर असं श्वास धरून बसलेलं असताना ताई एक दिवस म्हणाली, "आई, एकदा सिनेमा पाहू या ना गं. इथे नुसतं बसून मला भलभलतं सुचतं."

आई शनिवारी सकाळी फाटकाशी उभी राहिली. सुंदराबाई त्याच रस्त्याने जायची.

"सुंदराबाई, कालपासून लागलाय तो कसा आहे?"

"घरसंसाराचा हाय. सासू जरा जास्तच वराडते, तिले कोनीतरी पानी पाजा म्हना. बांगडीवाल्याचं गानं हाय एक, ते लय गोड हाय."

आईने मागे वळून पाहिलं. ताई आत होती. "आणि ते?"

"साप नाही, आग नाही. लेकरू सुखरूप हाय."

"नक्की ना? तुला माहीत आहे अनूचं. मागच्या वेळी..."

"माहीत हाय, वकीलीनबाई."

"तू स्वतः पाहिलास ना शेवटपर्यंत?"

सुंदराबाई म्हणाली, "हाव. बसली होती ना मी." आणि चालू लागली.

शुक्रवारच्या त्या खेळात एक जागा अशी आली होती की आवाज गेला. जयमाला टॉकीजमध्ये आवाज जाणं ही रोजचीच गोष्ट. आवाज गेला की पुढच्या खुर्च्यांतून शिट्ट्या, आरोळ्या, आपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्या दिवशी आवाज गेला आणि कुणीच ओरडलं नाही. सगळं थेटर गप्प. थोड्या वेळाने आवाज आला, आणि सिनेमा पुढे गेला. सुंदराबाईला ते खटकलं होतं. पण कुणाला विचारणार? "आता काय झालं" असं दारावरच्या बाईनेच विचारायचं? तिने मनाशी म्हटलं, लोक सुधरले असतील. शनिवारी आईशी बोलताना तिला ती गप्प जागा आठवली होती. आठवूनही ती हाव म्हणाली होती.

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघी गेलो. सुंदराबाईने ताईसाठी कडेची, वाऱ्याची जागा राखून ठेवली होती. ताईचा हात धरून तिने तिला बसवलं. "आरामशीर टेक. पाय लांब कर. समोर कोनी काई म्हनन त माहं नाव सांगजो." ताई किती दिवसांनी हसली. पडद्यावर बांगडीवाला आला तेव्हा ती हळूच गुणगुणायला लागली, आणि आईने अंधारात माझा हात दाबला.

मध्यंतरात आपरेटर उद्धव बोळात चहा प्यायला आला. दाराशी टेकून तो सुंदराबाईला म्हणाला, "काकू, आता पाह्यजा. आता मुका सीन येते."

"मुका?"

"नाग येते ना पाळन्यावर. दोरीवरून उतरते हळूहळू. माय दारात उभी, हालत नाही, बोलत नाही. डायरेक्टरनं बाजाच बंद ठेवला. मले त पह्यल्या खेळाले वाटलं मशीनच बिघडली. काल एक मानूस खुर्चीतून उठूनच पळाला. तुमी पाह्यलं ना शुक्रवारी?"

"पाह्यलं ना," सुंदराबाई म्हणाली.

उद्धव गेला. घंटी वाजली. बायका पुन्हा बाकांवर बसल्या. दिवे गेले, आणि तिच्या हातांनी सवयीने दोरी ओढली.

ताईला बाहेर काढायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण कसं? दारातून नाव पुकारायचं, तर ती हाक सापापेक्षा वाईट. वडील गेले की नवरा गेला, या विचारानेच पोरगी कोसळली असती. जवळ जाऊन खरं सांगायचं, तर मुलीच्या कानाशी सापाचं नाव घ्यावं लागणार. आणि आई विचारणार, काल तर तू नाही म्हणालीस.

ती बाकांच्या कडेने, एकेक बाक हाताने चाचपत आली. बॅटरी पेटवलीच नव्हती. तिचा हात आधी माझ्या डोक्याला लागला, मग आईच्या खांद्याला.

"वकीलीनबाई," ती कुजबुजली, "अनुताईले जरा व्हरांड्यात बसवता का? हवा लय चांगली सुटली."

आई एकदम ताठ झाली. "का? घरून कुणी आलंय?"

"नाही, नाही."

"खरं सांग सुंदराबाई. ह्यांना काही...?"

ताईने माझं मनगट धरलं. "अचलपूरहून आलंय का कुणी?" ती म्हणाली.

"कोनी नाही आलं माय, कोनीच नाही. गरम होऊन राह्यलं म्हून म्हटलं. बस तू, बस. पाह्य निवांत."

मागच्या बाकावरून भाजीवाली तानुबाई खेकसली, "ओ सुंदरे, सिनेमा समोर हाय का तुह्या पाठीवर? सरक ना!"

सुंदराबाई सरकली. जशी आली तशी चाचपत दाराशी गेली. ताईचा श्वास जोरात चालला होता. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, काही नाही, काही नाही. पण ताईचं लक्ष सिनेमातून उडालं होतं, ती दाराकडेच पाहत होती.

पडद्यावर सासूचं ओरडणं झालं. बाळाची आई अंगाई म्हणू लागली. अंगाई संपली. पायांचा आवाज लांब गेला. कुठेतरी दार करकरलं. आणि मग काहीच वाजेना.

त्याच क्षणी आमच्यासमोरचा लाल पडदा सर्रकन लागला.

सुंदराबाईने दोरी दोन्ही हातांनी ओढून मनगटाला गुंडाळून घेतली होती. बायकांना आधी काही कळलंच नाही. मग एकच गलका झाला.

"अवं काय झालं?"

"पडदा उघड!"

"फुकट आलो का आमी?"

"झोपली का काय वं दारावर?"

कुणीतरी पुढे जाऊन पडदा हाताने ओढायला लागली. तानुबाईने बाकावर उभं राहून वरून पाहायचा प्रयत्न केला आणि तिथूनच शिव्या दिल्या. सुंदराबाई जागची हलली नाही. तिने डोकं एका बाजूला कलतं केलं होतं. आमच्या गोंधळापलीकडे, पुरुषांच्या बाजूला, सगळं चिडीचूप होतं. शेकडो माणसं पुढे बसलेली असून एक खोकला नाही. ती शांतता लांबत गेली तशी इकडच्या बायकाही एकेक करून गप्प झाल्या. पडद्यामागे काय चाललं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची भीती आमच्या बाकांवर हळूहळू पसरत गेली. ताईने डोळे मिटून घेतले होते.

मग पलीकडे एक मोठा निःश्वास सुटला. वाजंत्री सुरू झाली. सुंदराबाईने दोरी सोडली आणि पडदा उघडला. पाळण्यातलं मूल हसत होतं.

नारायणराव बोळाकडून धावत आले. "काय गडबड आहे? दोरी तुटली का?"

हे उत्तर त्यांनीच तिच्या हाती दिलं होतं. हाव, दोरी अटकली साहेब, एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण आमच्या आईला सांगितलं तेच तिने आणखी तिघी पोटुश्यांच्या आयांना सांगितलं होतं. त्यातली एक, तेल्हाऱ्याहून आलेली शालू, मंगळवारच्या खेळाला येणार होती. पडदा किती वेळा ओढणार?

"सांगते साहेब," ती म्हणाली. "खेळ सुटू द्या."

खेळ सुटायला बराच वेळ होता. त्या वेळात ती काय विचार करत होती हे तिने कधी सांगितलं नाही. दिवे लागले, बायका उठल्या, तेव्हा ती दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी होती.

"थांबा जरा, बायाहो. या सिनेमात साप हाय. अंगाईच्या मंग. पाळन्यावर येते. पोटुशी कोनी आनू नका. शेजारीपाजारी सांगजा."

आई पुढे आली. "तू तर मला म्हणालीस..."

"म्हटलं होतं."

"पाहिलास म्हणालीस."

"नाही पाह्यला." तिचा आवाज खाली गेला, मग तिने तो पुन्हा वर आणला. "दिसत नाही मले. दिवाळीपासून एकबी सिनेमा पाह्यला नाही मी. नुसते ऐकले. माह्या सांगन्यावर आता कोनी येऊ नका."

बायका एकमेकींकडे पाहत होत्या. गेल्या दिवाळीपासून आपण कोणकोणते सिनेमे तिच्या शब्दावर पाहिले, कोणते टाळले, हे प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी तानुबाई म्हणाली, "मंग आमाले तरी कुठं दिसते वं? समोरच्या बाईचा अंबाडाच पाह्यतो आमी." दोघीतिघी हसल्या. सुंदराबाई हसली नाही.

नारायणराव रागावले नाहीत. "डोळ्यांचं करून घ्या आधी," ते म्हणाले. "मग बघू." मग बघूचा अर्थ तिलाही कळत होता. तिने बॅटरी त्यांच्या हातात दिली.

ताई बोळातल्या पायरीवर बसली होती. आई तिच्यासमोर वाकून पुन्हा पुन्हा विचारत होती, "हलतंय का गं? हलतंय का?"

"मघापासून नाही," ताई म्हणाली.

सुंदराबाईने ते ऐकलं. ती जवळ आली नाही. आई उठली, आणि मी तिला इतक्या थंड आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सुंदराबाई, माझ्या मुलीला काही झालं तर मी तुला कधी क्षमा करणार नाही. मला खरं सांगितलं असतंस तर मी तुला काय खाल्लं असतं?"

"तुमी नसतं खाल्लं," ती म्हणाली.

आम्ही टांग्याने घरी आलो. संध्याकाळी दिवेलागणीला ताईने आईला हाक मारली आणि तिचा हात ओढून पोटावर ठेवला. आई देवापुढे जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. पण त्या दिवसापासून घरातली धास्ती दुप्पट झाली. कळ आली, नाही आली, आजचं हलणं कालपेक्षा कमी, हेच बोलणं. सुंदराबाईचं नाव आई घेऊ देत नसे.

ती मात्र रोज सकाळी आमच्या फाटकाबाहेरून जायची. काम सुटलं होतं, त्या रस्त्याने जायचं तिला काही कारण नव्हतं. भिंतीच्या आधाराने चालत यायची, फाटकापाशी जरा थांबायची, कान द्यायची, आणि परत फिरायची. आई खिडकीतून पाहायची. एकदा मी म्हटलं, "बोलावू का तिला?" आई खिडकीपासून बाजूला झाली. एकदा जानराव तिच्याबरोबर आला होता. दोघं फाटकाबाहेर उभं राहून हळू आवाजात वाद घालत होती, तो तिला घरी चल म्हणत होता.

महाशिवरात्रीच्या सुमारास ताईला कळा सुरू झाल्या. पहाटेपासून दुपार झाली. सुईण आत, आई आत, बापूसाहेब कोर्टात न जाता अंगणात येरझाऱ्या घालत. फाटकाबाहेर सुंदराबाई उभी होती. कुणी तिला निरोप दिला नव्हता. बापूसाहेबांनी तिला आत येऊन ओट्यावर बसायला सांगितलं. ती बसली नाही, फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहिली, एवढंच.

मूल जन्मलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी तापवत होते. थोड्या वेळाने आई हात पुसत बाहेर आली. तिचे केस सुटले होते आणि डोळे लाल होते. अंगणाच्या टोकाला सुंदराबाई दिसल्यावर ती थबकली. मग हळूहळू चालत तिच्यापाशी गेली. सुंदराबाईने पावलांवरून ओळखलं. आईच म्हणाली, "मुलगी झाली."

"झाल्याबरोबर रडली का?"

"रडली."

"मोठ्यानं?"

"तुला ऐकू नाही आलं?"

"नाही," सुंदराबाई म्हणाली. "टांगा गेला त्याच टायमाले रस्त्यानं."

आईने तिचा हात धरला आणि तिला ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत आणलं. आतून रडण्याचा आवाज येत होता, बारीक, तुटक, पुन्हा पुन्हा. दोघी पायरीवर बसून तो ऐकत राहिल्या.